सातवी पेटी

"फुलांना कुरवाळताय की काय?"

ज्ञानेश्वरी दचकलीच. दोन्ही हातांना मलमलचं फडकं गुंडाळून ती कांद्याच्या डेंगळ्यांवरून, त्या पांढऱ्या गोंड्यांसारख्या फुलांवरून, हलकेच हात फिरवत होती. बांधाला टेम्पो लावून रस्ता विचारायला उतरलेला एक चष्मेवाला हसत होता.

"मधमाश्यांनी पाठ फिरवली, मग त्यांचं काम कोन करनार? तुमी?"

फटकन बोलून गेली खरी... अन् टेम्पोतल्या लाकडी पेट्या दिसताच तिनं जीभ चावली. मधपेट्या!

चष्मेवाल्याचं नाव वरद, नेवाशाचा. "वीस होत्या," तो म्हणाला. "चौदा रिकाम्या झाल्या. मेलेली माशीसुद्धा सापडली नाही... गेल्या कुठे, का, कुणालाच कळेना. उरलेल्या सहा विकायला कोपरगावला चाललोय."

"मग हितंच ठेवा की!" ज्ञानेश्वरी म्हणाली. गेल्या साली तिच्या डेंगळ्यांत बी धरलंच नव्हतं. यंदाही तसंच झालं, तर तिचे वडील, बन्सीअण्णा, या अर्ध्या एकरात ऊस लावणार होते. अख्ख्या पुणतांब्याला सांगून झालं होतं त्यांचं.

"इथे औषध सकाळी फवारतात? माश्या फुलांवर असताना?" वरदनं विचारलं.

खोटं बोलली असती, तर पेट्या तिथंच उतरल्या असत्या. "मारत्यात," ती पुटपुटली. "पन चार दिवस द्या. समद्यांना सांच्याला मारायला लावते. न्हाई जमलं तर इका खुशाल."

एवढी गरज असताना खरं बोलली पोरगी! "चार दिवसांनी येतो," म्हणत वरदनं टेम्पो माघारी नेवाशाकडे वळवला.

चौथ्या दिवशी, दिवस बुडताना तो आला. शेजारच्या रंगनाथतात्यांच्या रानात कुणीतरी पाठीवर पंप, तोंडाला ओढणी बांधून फवारत होतं.

"तात्या म्हनले, सांच्याला मानूस मिळत न्हाई. म्हनलं, मी हाय की!" ओढणी खाली करून ज्ञानेश्वरी हसली. "बाकीचे समदे कबूल हायेत."

वरद खुळ्यागत हसला अन् पेट्या उतरवायला लागला.

मग काय, महिनाभर रानात नुसती गुणगुण! वरद दर दोन दिवसांनी पेट्या बघायला यायचा... अन् पेट्या सोडून भलतीकडंच बघायचा. चैत्रात डेंगळे चोळले, तर तळहातावर काळंभोर, टपोरं बी सांडलं. बन्सीअण्णांनी दोनदा चोळून पाहिलं. "फुडल्या साली दोन एकर कर," म्हणाले अन् डोळे पुसत गोठ्यात शिरले. ज्ञानेश्वरी रानभर नाचली!

तेवढ्यात वरदचा टेम्पो आला, पेट्या न्यायला. माश्या इतक्या वाढल्या होत्या की एका पेटीच्या दोन कराव्या लागल्या होत्या. सहा टेम्पोत चढल्या. सातवी बांधावरच.

"ही ऱ्हायली की."

"राहू दे. तिला बघायला यावं लागेल मला."

"पेटीसाठी येनार असाल तर घेऊन जावा!" ती फणकारली. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

वरदनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुझ्यासाठी येणार आहे, ज्ञानेश्वरी. पेटी... पेटी आपलं निमित्त. अण्णांना विचारू?"

"आदी मला इचारा की."

"विचारतोय..."

त्या बावचळलेल्या चेहऱ्याकडं तिनं मन भरून पाहिलं, अन् गोठ्याकडं तोंड करून खणखणीत हाक मारली—

"अण्णा, भाईर या! नेवाशाचं पाव्हनं तुमाला कायतरी इचारनार हायेत... अन् न्हाई म्हनू नका, मी व्हय म्हनलेय!"