जुन्या संघाविरुद्धचा गोल

फिजीतल्या बा गावात फुटबॉलचा विषय निघाला की हातातला चहा निवतो. त्या दुपारी मात्र मैदानालगतच्या टपरीवर मेरेवाईचा चहा एपेलीमुळे निवला.

पावसाची सर आली म्हणून मुलींचा सराव थांबवून तो धावत — खरं तर लंगडत — पत्र्याखाली शिरला, आणि तिला पाहून थबकला. केस पिकलेले, पण हसू तेच मेलं!

"मेरेवाई... ही टपरी तुझी?"

"नाही, पंतप्रधानांची. मी पाहुणी आलेय."

तरुणपणी बाच्या संघात खेळणारा एपेली तिला 'लवकर येतो' सांगून ऑस्ट्रेलियात खेळायला गेला, तो कित्येक वर्षांनी परतला शेजारच्या लौटोका शहराच्या संघातून. अंतिम सामना, तोही बाच्या संघाशीच! विजयी गोल त्यानेच मारला, पण नाचला नाही. जुन्या संघाविरुद्ध गोल केला की आनंद करायचा नाही, ही खेळाडूंची रीत. दोन्ही हात वर, मान खाली... सारं गाव विरघळलं. गर्दीत मेरेवाई एकटीच रडत होती. दोन चांगली स्थळं तिने नाकारली होती. कुणासाठी, ते स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

आता गुडघा गेल्यावर तो मुलींना शिकवायला कायमचा गावी आला होता.

तिने लिंबाच्या पानांचा गरम चहा पुढे केला. कप घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली.

"अजून राग आहे?"

"गावाची माफी मागितलीस हात वर करून. माझी कधी मागितलीस?"

"मला वाटलं, तुला कळेल..."

"स्ट्रायकर ना तू! गोलसमोर उभं राहायचं, चेंडू दुसऱ्याने आणून द्यायचा. इथे कुणी पास देणार नाही, सांगून ठेवते."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. एपेलीने कप खाली ठेवला.

"चुकलो, मेरेवाई. तुला वाट बघायला लावून विसरल्यासारखा वागलो. विसरलो मात्र नव्हतो. आता — लग्न करशील माझ्याशी?"

तिने उगाच उकडलेल्या कसावाच्या कंदांवरचं फडकं नीट केलं. मग हळूच म्हणाली, "करेन."

तो उडीच मारेल असं तिला वाटलं. पण त्याने दोन्ही हात वर केले आणि मान खाली घातली.

"हे काय? आनंद नाही झाला?"

"तू जुना संघ आहेस माझा. तुझ्याविरुद्ध जिंकून नाचू कसा?"

तिचे डोळे भरून आले.

"गधड्या, मी आता तुझ्याच संघात आहे. नाच!"

दुखऱ्या गुडघ्यानिशी तो पावसात नाचला. मेरेवाई रडतारडता इतकी हसली, की दुसरा चहाही निवला.