सतरा नंबरचा डबा

फेब्रुवारीतलं ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं, म्हणून मला आधी त्याच्या हातातला स्टीलचा डबाच दिसला. झाकणावर लाल रंगात सतराचा आकडा. माझ्या आत्याच्या हातचा.

"हा तुमचा," तो म्हणाला. "परत द्यायला... जरा उशीर झाला."

"किती?"

"चार वर्षं."

मी हसू दाबलं. माझ्यामागे कणीक मळणाऱ्या गोजराबाईंनी नाही दाबलं. "जरा म्हणं," त्या म्हणाल्या. "यष्टी चुकली व्हती का रं बाबा?"

चर्चमागची ही खोली म्हणजे आमची डबासेवा. सरकारी दवाखान्यात पेशंटजवळ थांबलेल्या नातेवाइकांसाठी आम्ही रोज दुपारी जेवण पाठवतो. पेठ, सुरगाणा, सटाणा... कुठून कुठून आलेली माणसं असतात. आत्यानं हे काम सुरू केलं. ती प्रभूकडे गेली आणि ते माझ्या पदरात पडलं. आम्ही सात जणी, पगार कुणालाच नाही. डबे साठ. खरं तर एकोणसाठ, कारण सतरा नंबर हरवला होता.

मी झाकण उघडलं. आत डाळिंबाचे दाणे, काठोकाठ. पांढऱ्या सालीचा एक कण नाही.

"हे कुणी सोललं?"

"मीच. आईनं फोनवर बजावलं होतं, दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही." तो थोडा संकोचला. "मी कुंदन. सातपूरच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर काम करतो. आई अठरा दिवस इथल्या दवाखान्यात दाखल होती. तिला घरी सोडलं त्या दिवशीचं जेवण आम्ही एसटीत बसून खाल्लं, आणि डबा तसाच सटाण्याला गेला."

"मंग बराय सापडला," गोजराबाई म्हणाल्या. "आमच्या ताईची एक प्रार्थना वाचंल आता."

"कसली प्रार्थना?"

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. माझा नेम साधा आहे. पहाटे पाचला उठून स्तोत्र वाचायचं, मग इथं येऊन एकेका डब्यावर हात ठेवायचा आणि तो ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी दोन शब्द बोलायचे. शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. सोळा झाल्यावर मी रोज थांबायची. डबा नसायचा, म्हणून नुसते डोळे मिटायची... जिथं असेल तिथं, ज्याच्याकडे असेल त्याला सांभाळ.

हे सगळं गोजराबाईंनीच सांगितलं. तिखटमीठ लावून.

त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "रोज?"

"रोज," मी म्हणाले.

त्यानं दोन्ही हात पुढे केले. तेलानं काळवंडलेली, लांब बोटं. "दहाही शाबूत आहेत," तो हळूच म्हणाला. "आमच्या प्रेसवर चार वर्षं काढलेल्या माणसाची दहा बोटं असली, की लोक कारण विचारतात. इतके दिवस मला सांगता यायचं नाही."

कणकेवरचा गोजराबाईंचा हात थांबला होता.

*

सातपूरच्या कारखान्यांना शनिवारी सुट्टी. पुढच्या शनिवारी तो मोटरसायकलवर खोकी बांधून आला आणि डबे पोहोचवायला लागला. कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्या पुढच्याही शनिवारी आला. मला सगळे सलोमीताई म्हणतात, चर्चचे पाळकसाहेबसुद्धा. तो काहीच म्हणायचा नाही. "हे कुठं ठेवू?" "झाकण नीट बसलं का?" वाक्य सुरू व्हायचं, पण हाक नसायची.

"ह्यो तुला ताई का म्हणत नाय गं?" गोजराबाईंनी त्याच्यादेखत विचारलं.

"गोजरामावशी, भाजी लागतेय."

"भाजी नाय लागत, तुला लागलंय."

तो खाली वाकून खोक्याची दोरी बांधत होता. आधीच बांधलेली.

त्याच दिवशी त्याला खरी गोष्ट कळली. आमचा सगळा शिधा एकाच माणसाकडून यायचा. आत्याच्या ओळखीचे एक म्हातारे द्राक्ष-व्यापारी. जानेवारीत ते कायमचे मुलाकडे परदेशी गेले. कोठीत होतं ते ईस्टरपर्यंत पुरणार होतं. त्यानंतर चूल बंद. बायकांना मी हे सांगितलं होतं, पण "बंद" हा शब्द अजून तोंडातून निघाला नव्हता.

"मग लोकांकडे मागा ना," कुंदन म्हणाला.

"आम्ही मागत नाही. आत्याचा नियम होता, गरज फक्त देवाला सांगायची. दिलेल्याचा गाजावाजा करायचा नाही."

"आभाराचं पत्र?"

"तेही नाही. देणारा देवासाठी देतो."

तो पायरीवर बसला. "मी दोनदा आलो होतो इथं. पहिला पगार झाला तेव्हा, आणि मागच्या दिवाळीत. द्यायलाच. दोन्ही वेळा दुपार टळलेली, दाराला कुलूप. पाटी नाही, फोन नंबर नाही. मला वाटलं, बंद पडलं. डबा घेऊन परत गेलो." मग मान वर न करता म्हणाला, "रागावू नका... पण देवानं मला दोनदा पाठवलं, आणि तुम्ही त्याला पत्ताच दिला नव्हता."

मी रागावले. फार रागावले. भाताच्या पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवलं.

"आणि एकाच माणसावर सगळं," तो पुढे बोलतच राहिला. "आमच्याकडे एवढी मोठी प्रेस एका बोल्टवर कुणी उभी करत नाही. आठ लागतात. एक सैल झाला तर बाकीचे सात धरून ठेवतात."

"इथं प्रेस नाही, सेवा आहे."

"म्हणून तर म्हणतोय. प्रेस पडली तर नवी येते."

तो गेल्यावर मी त्या पायरीवर बसले. नियम आत्याचा होता, हे खरं. पण आत्या निदान घराघरांत जायची, पाणी प्यायची, माणसं तिला ओळखायची. मी मात्र कुणाच्या दारात उभी राहायला घाबरायची. माझ्या भित्रेपणाला मी नेम म्हणत होते की काय...

*

"माळ्यावर चाळीस जुने डबे आहेत," पुढच्या शनिवारी मीच म्हणाले. अजून पाणीसुद्धा प्यायले नव्हते, म्हणून आवाज बारीक निघाला. "जेवून गेलेल्यांचे पत्ते आत्यानं वहीत लिहून ठेवलेत, तिच्यानंतरचे मी. चर्चमधली घरं आहेत. प्रत्येक घरी एक डबा पाठवायचा. आत गोजरामावशींच्या शंकरपाळ्या."

त्याचे डोळे चमकले. "आणि डबा काही कुणी रिकामा परत देणार नाही."

"नाही, तसं नको. ते पकडल्यासारखं होईल. मी पत्र लिहिलंय. सरळ."

त्यानं ते तिथंच उभं राहून, सावकाश वाचलं. आम्ही कोण, रोज कोण जेवतं, मागच्या आठवड्यात सुरगाण्याच्या एका आजोबांनी अर्धी पोळी नातवासाठी कशी बांधून ठेवली, आणि मग त्यांना दुसरा डबा कसा मिळाला. चूल ईस्टरला बंद पडेल, हेही. महिन्यातल्या एका तारखेचा शिधा तुम्ही घ्याल का? एका घरानं एकच तारीख घ्यावी, ओढाताण करू नये. त्या दिवशी तुमच्या घरातल्या माणसांची नावं घेऊन आम्ही प्रार्थना करू, आणि कोण जेवलं ते दर महिन्याला कळवू. जमणार नसेल तर डबा रिकामा परत द्या. तोही आम्हाला लागतोच.

"हे मागणं झालं हं," तो म्हणाला.

"माहितीये."

"आत्याचा नियम मोडताय."

"माहितीये," मी म्हणाले, आणि माळ्याला शिडी लावली.

एकोणचाळीस पत्ते त्यानं आणि आम्ही वाटून घेतले. चाळिसावा डबा मी स्वतः बाजूला काढला. पण माळ्यावरचा ठेवला परत, आणि त्याच्या जागी सतरा नंबरचा घेतला. आत शंकरपाळ्या, पत्र... आणि तो त्याच्याच हातात दिला.

"मलापण?"

"तुम्हीही जेवून गेलेल्यांपैकीच ना?"

*

पहिले चार दिवस काहीच आलं नाही. पाचव्या दिवशी दोन डबे आले, दोन्ही रिकामे. गोजराबाईंनी ते घासून पालथे घातले. माझं स्तोत्र दुसऱ्या पहाटे नुसतं ओठांवर होतं.

सहाव्या दिवशी बिलकिसभाभी आल्या, जुन्या नाशकातल्या. त्यांचे मिस्टर गेल्या पावसाळ्यात दाखल होते. डब्यात मसूर डाळ. "नऊ तारीख हमारी," त्या म्हणाल्या. "नऊलाच यांना घरी सोडलं होतं. आणि सलोमीताई, यांचं नाव उमर. प्रार्थनेत नीट घ्या, उमेश नको."

मग डबे येतच राहिले. तांदूळ, तूर डाळ, शेंगदाणे. येवल्याच्या लताबाईंनी पैठणीच्या रेशमी धाग्यानं चिठ्ठी बांधून पाठवली. कुठल्या तीन घरांनी मिळून एक तारीख घेतली. पाळकसाहेबांनी एक तारीख स्वतःच्या नावे लिहिली आणि उपासनेच्या शेवटी पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात एकेक चौकोन भरत गेला. ईस्टरआधीच्या रविवारपर्यंत, पामसंडेपर्यंत, एकच तारीख मोकळी राहिली. सतरा.

लताबाईंच्या जावेनं ती मागितली. "ती... घेतलीये कुणीतरी," मी म्हणाले. आयुष्यात फार थोडं खोटं बोललेय मी. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

कारण सतरा नंबरचा डबा परत आलाच नव्हता. कुंदन येत होता, शनिवार चुकवत नव्हता, खोकी बांधत होता. डब्याविषयी अक्षर नाही. रिकामा द्यायला लाजतोय का? की नकोच आहे? विचारायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिठाचा डबा मागितला.

"चाळीस घरांकडं मागितलंस," गोजराबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "येक राह्यलंय. का मीच जाऊ?"

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शेवटचं खोकं बांधून झालं तेव्हा मी बाहेर गेले. मोटरसायकलच्या आरशात मला माझाच चेहरा दिसला, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं.

"सतरा नंबर कुठंय?"

"घरी आहे."

"परत का नाही केला?"

तो दोरीशी खेळत राहिला. "चार वर्षं हरवला होता, म्हणून रोज आठवण निघायची. परत आला की... साठातला एक. तुम्ही हात ठेवाल आणि अठराकडे जाल." मग अगदी हळू, "मला अठराकडे गेलेलं नकोय."

दारातल्या चिंचेच्या झाडाखाली थोडा वारा आला. दवाखान्याच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मला वाटलं, मी आता आत पळून जाणार.

"डबा परत द्या," मी म्हणाले. "डबा कुणाकडे आहे ते मला ठाऊक नव्हतं, तरी मी थांबायची. आता... मला नाव माहितीये. डबा परत आला तरी थांबेन."

त्यानं वर पाहिलं.

"आणि मला एक मागायचंय," मी म्हणाले. "मला मागता येत नाही, तेव्हा मध्ये बोलू नका."

त्यानं हातातली दोरी खाली ठेवली.

"उद्या उपासनेनंतर आमच्याकडे या. बाबांना भेटायला. जेवायला पण... पण आधी भेटायला."

"रिकाम्या हातानं?"

"आईंना घेऊन या."

तो हसला. मग इतके दिवस चुकवलेली हाक त्यानं मारली, नुसतं नाव. "येतो, सलोमी."

*

ईस्टरला उपासना सुटली तेव्हा चर्चच्या फाटकाशी एक ठेंगणी बाई उभी होती, डोक्यावरून पदर, हातात सतरा नंबरचा डबा. सटाण्याहून पहिल्या गाडीनं आलेली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुलाला विचारलं, "हाईच शे का ती?"

"हीच," कुंदन म्हणाला, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

डब्यात डाळिंबाचे दाणे होते, काठोकाठ. वर एक चिठ्ठी: सतरा तारीख आमची.

सोमवारी चूल नेहमीसारखी पेटली. एक, दोन, तीन... मी एकेका डब्यावर हात ठेवत गेले. सोळा झाले. सतराव्यावर हात ठेवला आणि मी त्या पहाटे पहिल्यांदा आकडा नाही, नाव उच्चारलं.

थोडं मोठ्यानंच निघालं असावं. कणीक मळता मळता गोजराबाई म्हणाल्या, "आमेन."