बाबांच्या गाडीचा नंबर

"बाबा, त्या नंबरवर आणखी एक अर्ज आला आहे... अन् तो जितूकाकाचा आहे!"

आरटीओतून परतलेल्या रितिकाने दारातूनच सांगितलं, आणि पोह्यांवर तर्री वाढून घेणाऱ्या रुपरावांचा हात थबकला. जितेंद्र... सख्खा धाकटा भाऊ! नागपुरातच, यांच्या हुडकेश्वरहून त्याचं बेसा असं कितीसं लांब? पण एक तप उलटलं होतं, त्या दोन घरांनी एकमेकांचा उंबरठा ओलांडला नव्हता.

५२७१. लाइनमन असलेल्या त्यांच्या वडिलांच्या, चंपतरावांच्या राजदूत मोटरसायकलचा हा नंबर. तिच्या पाटीवरच्या रंगवलेल्या आकड्यांवरून त्याचं इवलंसं बोट फिरवून रुपरावांनीच जितेंद्रला आकडे शिकवले होते. आता घरात पहिली कार येणार होती, आणि जन्मात कधी कशाचा हट्ट न धरलेल्या रुपरावांनी या एका नंबरचा हट्ट धरला होता. आणि तिकडे जितूच्याही मनात तेच... तोच आकडा!

"आता लिलाव होईल म्हणे," रितिका म्हणाली. "दोघांनी बंद पाकिटं द्यायची, ज्याची बोली मोठी त्याले नंबर. बाबा, आपण मागं हटायचं नाही! काका तुम्हाले काय बोलला होता, ते आईनं सांगितलं आहे मले."

काय बोलला होता... ते शब्द रुपरावांच्या काळजात अजूनही रुतून होते. चंपतराव अखेरचे क्षण मोजत होते, तेव्हा जितेंद्र पुण्यात सरकारी नोकरीची परीक्षा देत होता. त्याला कळवलं ते शेवटचा पेपर झाल्यावर. तो पोचला तेव्हा चिता केव्हाच विझली होती. तेराव्याला, भरल्या घरात त्याने आक्रोश केला होता, "तू मले बापाचं तोंड पाहू दिलं नाही! आजपासून माहा भाऊ मेला!" आणि रुपराव खाली मान घालून ऐकत राहिले होते.

"त्याले घेऊ दे बेटा तो नंबर," ते हळूच म्हणाले.

"काहून पण?"

"मले बाबा शेवटच्या श्वासापर्यंत लाभले. त्याले काय भेटलं?"

लिलावाच्या दिवशी ते गेलेच नाहीत. अंगणातल्या मोगऱ्याला पाणी घालत बसले, आणि नवल म्हणजे मन कसं शांत, हलकं झालं होतं. संध्याकाळी फाटक वाजलं. समोर जितेंद्र उभा होता, मागे त्याची बायको मिनल. कानशिलावर पांढरे केस... लहानगा जितू केव्हा एवढा मोठा झाला!

"दादा, तू काहून नाही आला?" आवाजात राग होता, पण तो राग थरथरत होता. "मी दिवसभर तिथं तुही वाट पाहून राहिलो! नंबर मले असाच भेटला. उपकार करून राहिला काय माह्यावर?"

"नाही गा जितू..."

"मले तुही भीक नको!"

"बस झालं, भाऊजी!" रुपरावांची पत्नी प्रेमिला पदराला हात पुसत बाहेर आली.

"प्रेमिला, चूप राह्य वं!"

"लय वर्षं चूप राहिली, आता नाही!" तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. "भाऊजी, मामंजींनीच वचन घेतलं होतं यायच्याजवळून. 'जितूचे पेपर होऊ दे, मी गेलो तरी त्याले कळवू नको!' हे पायाशी बसून रडत होते, पण वचन मोडलं नाही..."

जितेंद्र खिळल्यासारखा उभा राहिला.

"मग... मग मले सांगितलं काहून नाही, दादा? मी तुले चारचौघांत..."

"सांगितलं असतं तर त्या नोकरीचा एक घास तुह्या घशाखाली उतरला असता काय?" रुपराव त्याच्याजवळ गेले. "माह्यावर रागावला, ते मी सोसलं. स्वतःवर रागावला असता, तर तू जगला नसता गा..."

"दादा!" जितेंद्रने थोरल्या भावाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला. रुपरावांनी त्याला उठवून छातीशी धरलं. मिनलने प्रेमिलाच्या खांद्यावर मान टाकली. आणि लिलावात बोली मोठी लावायला निघालेली रितिका गुपचूप चहाचं आधण ठेवायला आत गेली.

रुपरावांच्या कारला पुढे ओळीने आला तो साधाच नंबर लागला, आणि त्यांनी तो आनंदाने घेतला. ५२७१ जितेंद्रच्या गाडीवर चढला. पण शोरूममधून ती गाडी दादानेच बाहेर काढायची, असा हट्ट या वेळी धाकट्याने धरला. सगळे मिळून त्याच गाडीने रामटेकला निघाले; चालवायला रुपरावच. मागच्या सीटवर बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या. शेजारी बसलेला जितेंद्र एवढ्या वर्षांचं साठलेलं किती बोलत होता, किती सांगत होता... आणि बोलता बोलताच त्याची मान कलली, त्याला गाढ झोप लागली. रुपरावांनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं आणि गाडीचा वेग कमी केला.