अडून बसलेलं इंजिन

"जोर लाव, चिमटे! लटक त्याला!"

"लटकलेच आहे! माझे पाय जमिनीला लागतायत का बघ!"

चिमटी लांबलचक पान्याला वटवाघळासारखी लोंबकळत होती, पण इंजिन ढिम्म हलत नव्हतं. तिचा धाकटा भाऊ गडगड खालून ओरडत होता. त्याचं साधं बोलणंही इतक्या मोठ्याने असे, की ओरडणं वेगळं ओळखू यायचं नाही. मावसभाऊ दुर्बीण मात्र जाड भिंगांचा चष्मा नाकावर ढकलत शांतपणे म्हणाला, "काल हेच तू एका हाताने फिरवलंस ना?"

"हाताने कसलं, बोटाने!"

खरंच होतं ते. सुट्टीत मावशीकडे आल्यापासून तिघांनी धक्क्याजवळच्या मिस्त्रींच्या वर्कशॉपात तळ ठोकला होता. मावशीची लाँच माणसांना या तीरावरून त्या तीरावर नेत असे. मावशी स्वतः सुकाणू धरायची. सध्या लाँचचं इंजिन खोलून, साफ करून पुन्हा जोडायचं काम चाललं होतं. काल मिस्त्रींनी नुसता शाफ्ट जागेवर बसवला होता. शाफ्ट म्हणजे इंजिनाचा कणाच. पिस्टन वरखाली होतात आणि तो गरगर फिरतो. चिमटीने तो एका बोटाने असा फिरवला, की मिस्त्रीही खूश झाले.

पण आज सकाळी मिस्त्रींची दाढ ठणकायला लागली. गाल धरून ते डॉक्टरकडे पळाले. जाताना बजावून गेले, "मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही!"

ऐकतील ते मावशीचे दीर कसले! मुलं त्यांना फटाफटकाका म्हणत, अर्थात त्यांच्यामागे. जेवण फटाफट, आंघोळ फटाफट, आणि मग अर्धा दिवस विसरलेल्या वस्तू शोधण्यात! मुलं न्याहारी करून वर्कशॉपात पोचेपर्यंत काकांनी चारही पिस्टन आत घालून नट आवळूनही टाकले होते.

आणि आता इंजिन अडून बसलं होतं.

"शाफ्टच वाकडा आहे, वहिनी," फटाफटकाका हात पुसत म्हणाले. "माझी नजर कधी चुकत नाही."

मावशी तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसली होती. "भावजी, उद्या सकाळी तपासणी आहे. साहेबांसमोर लाँच चालली नाही, तर हा मार्ग दुसऱ्या कुणाला देतील. मग मी काय करू? लाँचमध्ये कोंबड्या पाळू?"

बोलणं थट्टेचं होतं, पण आवाज थट्टेचा नव्हता. चिमटीने पाना खाली ठेवला. मावशीला तिने असं कधीच पाहिलं नव्हतं.

"घाबरता कशाला! लाँचवरची बॅटरी आणतो आणि स्टार्टरचा झटका देतो. दोन हिसके बसले की सुतासारखं सरळ होईल!" काका धक्क्याकडे निघालेसुद्धा.

"मिस्त्री आल्याशिवाय झटकाबिटका काही नाही हं!" मावशी मागून ओरडली. पण काकांच्या कानांपर्यंत ते पोचलं की नाही कोण जाणे. "मी दवाखान्यात जाऊन मिस्त्रींनाच घेऊन येते. पोरांनो, लक्ष ठेवा!" आणि पदर खोचून तीही धावली.

वर्कशॉपात तिघंच उरली.

"शाफ्ट काल सरळ होता आणि रात्रीत वाकला? झोपेत कूस बदलताना?" चिमटी म्हणाली.

"म्हणजे जे बिघडलं ते आज सकाळी!" दुर्बीण म्हणाला.

"म्हणजे काकांनी!" गडगड गरजला.

"हळू! पलीकडच्या तीरावर ऐकू जाईल!"

इंजिन लोखंडी घोडीवर आडवं ठेवलेलं होतं. एका अंगाने त्याचं पोट उघडं, दुसऱ्या अंगाने डोकं. चिमटीने पोटाकडून आत डोकावलं. प्रत्येक पिस्टनला एक जाड दांडी होती. दांडीच्या टोकाला अर्धगोल टोपी, आणि दोन्हींच्या मधोमध शाफ्ट पकडलेला. सगळं तेलाने माखलं होतं. चिमटीची बोटं लांब आणि बारीक, हरवलेला स्क्रू कुठूनही काढणारी. म्हणून तर तिचं नाव चिमटी पडलं होतं. तिने फडकं बोटाला गुंडाळलं आणि पहिल्या दांडीची कड पुसली.

"अरे, मिस्त्रींचे ठिपके! इंजिन खोलताना ते छिन्नीसारख्या कसल्याशा टोकाने ठोकत होते बघा!"

"टक! टक! मी मोजत होतो!" गडगड म्हणाला. "पहिल्या दांडीला एक, तिच्या टोपीला एक. दुसरीला दोन, तिच्या टोपीलाही दोन."

"दांडी आणि टोपी जोडीनेच कातलेली असते म्हणे. एकीची टोपी दुसरीला बसते, पण मधलं भोक बरोबर गोल राहत नाही." चिमटीने दुसऱ्या दांडीवरून फडकं फिरवलं. "हिला दोन ठिपके. आणि टोपीला... एक, दोन..."

ती थांबली.

"काय झालं? बोल की!"

"तीन!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चिमटीने घाईघाईने तिसरी जोडी पुसली. वरच्या कडेला एकही ठिपका नव्हता! ना दांडीला, ना टोपीला. चौथीला मात्र नीट चार आणि चार.

"तिसरीचे गेले कुठे?" गडगडने डोकं खाजवलं.

दुर्बीण तोवर घोडीखाली सरपटत शिरला होता. "सापडले!" त्याचा आवाज खालून आला. "तिसरीचे ठिपके खालच्या बाजूला आहेत. दांडीला तीन, टोपीला दोन!"

"म्हणजे टोप्यांची अदलाबदल झाली!" चिमटी नाचायलाच लागली. "पण तिसरीचे ठिपके उलट्या बाजूला कसे? थांबा!"

ती डोक्याच्या बाजूला धावली. चार पिस्टनांची चार गोल डोकी तिथून दिसत होती आणि प्रत्येकावर बारीक बाण कोरलेला होता. पहिला बाण इंजिनाच्या तोंडाकडे. दुसराही तिकडेच. तिसरा नेमका शेपटाकडे!

"अख्खा पिस्टनच पाठमोरा घातलाय!"

इतक्यात बाहेर पावलं वाजली. फटाफटकाका बॅटरी खांद्यावर घेऊन झपाझप येत होते.

"काका, थांबा! टोप्या बदलल्यात!" चिमटी आडवी आली.

"बाजूला हो गं! टोप्या म्हणे! काय बाहुल्यांचा खेळ आहे?" काकांनी बॅटरी खाली ठेवली आणि वायर उचलली.

काकांशी वाद घालून उपयोग नव्हता. पण ते कशापुढे विरघळतात हे चिमटीला पक्कं ठाऊक होतं. तिने गडगडला कोपर मारलं.

"काका," गडगड एकदम मधाळ आवाजात म्हणाला, "भर वादळात तुम्ही लाँच कशी परत आणलीत हो? दुर्बीण म्हणतो, ती थाप आहे."

"थाप?" काकांनी वायर खाली टाकली. "कोण म्हणतं थाप? बसा इथे!"

झालं! लाटा ताडामाडाएवढ्या झाल्या, वारा गरजला, काकांनी दातांनी दोर ओढला. मुलं "बाप रे!" म्हणत राहिली. गोष्ट तीराला लागतेसं दिसलं की दुर्बीण विचारी, "आणि शिडाचं काय झालं?"

"लाँचला शीड नसतं, गाढवा!" आणि गोष्ट पुन्हा भर पाण्यात!

शेवटी चिमटीने हळूच विचारलं, "काका, तुमचा हात इतका भराभर कसा चालतो? आजचंच बघा ना, एवढे सुटे भाग तुम्ही धुतलेत तरी कधी?"

"त्यात काय!" काकांची छाती फुगली. "मिस्त्री बसतात एकेक जोडी वेगळी मांडून, जसं काही लग्नच लावायचंय! मी सगळं एकाच टबात ओतलं, खळखळ खळखळ, फटाफट!"

"म्हणजे टोप्या एकमेकींत मिसळल्या?"

"मिसळेनात का! सगळ्या सारख्याच तर—"

"ऊंऽऽ!"

दारात मिस्त्री उभे होते. गाल टोमॅटोसारखा सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. शेजारी मावशी, धापा टाकत. दोघांनीही सगळं ऐकलं होतं. मिस्त्रींना बोलता येत नव्हतं, पण त्यांच्या भुवयाच इतकं बोलल्या, की काकांनी पटकन बॅटरीवर फडकं टाकलं.

चिमटीने एका दमात ठिपके, बाण सगळं सांगितलं. मिस्त्रींनी वाकून पाहिलं. नट सोडवले, टोप्या काढल्या, आतल्या बेअरिंगच्या पातळ वाट्यांवर नख फिरवलं. सगळे श्वास रोखून उभे. मिस्त्रींनी मान डोलावली. खरवडलं नव्हतं! मग बॅटरीकडे बोट दाखवून त्यांनी गळ्यावरून आडवा हात फिरवला. झटका बसला असता तर सगळं संपलं असतं!

आणि कामाला वेग आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिस्टनांच्या दांड्यांच्या बोल्टांवर गडगडने रबरी नळीचे तुकडे चढवले, म्हणजे शाफ्टला ओरखडा जायला नको. दुर्बीणने वाट्यांना तेल चोपडलं. मिस्त्रींनी पिस्टनवरच्या रिंगांभोवती पत्र्याचा पट्टा आवळला आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने पिस्टन हलकेच आत ढकलला. ठिपक्याला ठिपका, बाण तोंडाकडे! एक टोपी बसली, नट आवळले, की मिस्त्री चिमटीला खूण करत: फिरव!

दुसरी बसली. फिरलं!

तिसरी बसली. चिमटीने पाना धरला. डोळे मिटले. ओढला.

रिंगांचा जरासा चिकट विरोध, आणि मग शाफ्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला! गडगडची आरोळी अशी घुमली, की धक्क्यावरची कुत्री भुंकायला लागली.

"म्हणजे प्रत्येक टोपीनंतर फिरवून पाहायचं असतं?" काकांनी पडेल आवाजात विचारलं.

"ऊं," मिस्त्री म्हणाले आणि त्यांच्या हातात धुवायची परात दिली.

रात्रभर खपून मिस्त्रींनी बाकीचं इंजिन जोडलं, लाँचमध्ये बसवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती एका दमात सुरू झाली. तपासणीचे साहेब पांढराशुभ्र शर्ट घालून आले होते. कान लावून इंजिन ऐकत ते पलीकडच्या तीरापर्यंत गेले आणि परत आले. मावशीने सुकाणू असं घट्ट धरलं होतं, की बोटं पांढरी पडली होती.

"ठोका नाही, धूर नाही," साहेब शेवटी म्हणाले. "बाई, तुमचा मार्ग तुमच्याकडेच राहील. जोडणी कुणाची?"

मिस्त्रींच्या तोंडातला बोळा निघाला होता. "हात माझे, साहेब," ते म्हणाले. "पण ही तीन पोरं नसती, तर मी आज भंगार जोडत बसलो असतो. चूक यांनी शोधली, आणि ती नीट पटवूनही दिली. माझ्या वर्कशॉपात यांना कधीही येऊ दे."

मावशीने सुकाणू सोडलं आणि तिघांना एकदमच मिठीत घेतलं.

साहेबांनी हात पुढे केला. चिमटीने आपले हात पटकन पाठीमागे लपवले. कितीही साबण लावला तरी ते काळेच राहिले होते.

"पाठीमागचा हात दे," साहेब म्हणाले. "तोच हवाय मला."

आणि त्यांनी तो भर धक्क्यावर, सगळ्यांसमोर, पांढऱ्याशुभ्र बाहीची पर्वा न करता, चांगला घट्ट हलवला.