मी सांगेपर्यंत हलायचं न्हाई

खट्.

एवढाच आवाज. लाकडी पेटीवर कुणी नखानं टिचकी मारावी तसा. धर्माजीनं तो वीस वर्षांपूर्वी ऐकला आणि मग तो त्याच्या कानातून कधी गेलाच नाही.

"आबा, आता भूत येणार बघा," माझा नातू धनेश म्हणाला.

"येईल तेव्हा येईल. तू आधी तो मोबाइल खाली ठेव."

तर हा धर्माजी माझ्या चांगल्या ओळखीचा. चाकणला त्याचा फोटो स्टुडिओ होता. मोठ्या माणसांचे फोटो तो साध्या कॅमेऱ्यावर काढायचा, पण लहान पोरांचे मात्र वडिलांच्या लाकडी कॅमेऱ्यावर. ट्रंकेएवढा कॅमेरा, तिपाईवर उभा. डोक्यावर काळं फडकं घेऊन मागच्या काचेत बघायचं. त्या काचेत सगळं उलटं दिसतं, डोकं खाली, पाय वर. मग काचेपुढं होल्डर सरकवायचा. होल्डर म्हणजे वहीएवढी चपटी डबी, आत एकच फिल्म. पोर हललं की ती वाया गेली.

म्हणून चुळबुळ्या पोरांसाठी धर्माजीची एक युक्ती होती. पहिला फोटो रिकाम्या होल्डरवर काढायचा. पोराची भीती मोडते. मग खरा काढायचा.

कौशल्याबाई परभणीकडची, कंपनीत पॅकिंगला. एका गुरुवारी ती तीन वर्षांच्या मिनलला घेऊन आली. पोरगी खुर्चीत बसली, पण पाय काही थांबेनात. झुलतायत आपले.

"बाळा, मी सांगेपर्यंत हलायचं न्हाई हं," धर्माजी म्हणाला.

पोरगी गुणाची. पाय आवरून बसली.

खट्. रिकाम्या होल्डरवर.

तेवढ्यात रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न. सेकंड शिफ्ट. कौशल्याबाईनं पोरीला काखोटीला मारलं. "झाला का ओ दादा?"

आणि धर्माजी म्हणाला, "झाला."

पुढच्या गुरुवारी फोटो न्यायला येईल तेव्हा खरा काढू, असं त्याच्या मनात.

पुढच्या गुरुवारी ती एकटीच आली. तापानं चार दिवसांत पोर गेली होती.

"धुतला का ओ दादा फोटो? घरात तिचा दुसरा एकबी नाही."

"धुवायचाय अजून," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

पाच गुरुवार ती आली. पाच गुरुवार तेच उत्तर. सहाव्या गुरुवारी तो स्टुडिओला कुलूप लावून मागच्या गल्लीत बसून राहिला. मग तिनं येणं सोडलं. पुढं ती मारुंजीला आयटीवाल्या पोरांच्या खोल्यांवर स्वयंपाकाला लागली, हे त्याला ठाऊक होतं. तिकडचं काम निघालं की हा तिची गल्ली चुकवून जायचा.

आता नीट ऐका. गेल्या मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. निगडीच्या निरंजन फोटोग्राफरला तो कॅमेरा हवा होता. हल्ली लोकांना लेकरांचे तसले फोटो परत आवडायला लागलेत. "काका, भात्याला कुठं भोक नाही ना, तेवढं बघून ठेवा," म्हणाला, आणि एक रिकामा होल्डर देऊन गेला. भाता म्हणजे कॅमेऱ्याचं घडीचं कातडं. त्यातून उजेड शिरला की फोटो खराब.

रात्री साडेआठला धर्माजीनं बंद स्टुडिओ उघडला. दिवा मालवला. कॅमेऱ्याच्या पोटात बॅटरी पेटवून भाता फिरून फिरून बघितला. भोक नव्हतं. मग बॅटरीचा झोत समोरच्या खुर्चीवर लावला आणि सवयीनं डोक्यावर फडकं घेतलं.

काचेत भिंत उलटी. खुर्ची उलटी.

खुर्चीत पोरगी.

सुलटी.

त्यानं फडकं काढलं. खुर्ची रिकामी. पुन्हा घेतलं...

बसलेली. हात मांडीवर. पापणी लवत नव्हती. आणि पाय...

पायसुद्धा हलत नव्हते.

तेव्हा त्याला उमगलं. आईला तो "झाला" म्हणाला होता. पोरीला "आता हल" असं त्यानं सांगितलंच नव्हतं.

वीस वर्षं.

हाताला लागला तो होल्डर त्यानं सरकवला. रिकामा होता. माहीत होतं त्याला. तरीपण...

खट्.

"झालं बाळा. हल आता."

समोर खुर्ची करकरली. मग काहीच नाही.

सकाळी निरंजन होल्डर घेऊन गेला. दुपारी त्याचा फोन. "काका, मी रिकामा दिला होता. ह्यात फिल्म कुणी भरली?"

"धू ती," एवढंच धर्माजी म्हणाला.

रविवारी फोटो घेऊन धर्माजी मारुंजीला गेला. कौशल्याबाई जिन्यातून खाली आली. केस पिकलेले, हाताला कणीक. तिनं फोटो उजेडात धरला. मिनलचा चेहरा लख्ख. पाय तेवढे धूसर, झुलताना येतात तसे.

"एवढी वर्षं लागली का ओ दादा, धुवायला?"

हो म्हटलं असतं तर सुटला असता. पण तो म्हणाला, "न्हाई बाई. त्या दिवशी होल्डर रिकामाच होता. मी खोटं बोललो. हा... हा गेल्या गुरुवारचा हाय."

तिनं अंगठ्यानं फोटोतले ते धूसर पाय हळूच पुसले, पुन्हा पुसले. फोटो पदराखाली घेतला.

आणि जिना चढून गेली.