शंभर तासांची सवय

चाचणीमंचावर चढवलेल्या इंजिनाने वेग घेतला आणि मध्येच ते धापा टाकायला लागलं. उल्का नाडकर्णीने इंधन वाढवलं. काटा हलेना.

"बघितलंत?" कोपऱ्यातल्या स्टुलावरून बबन शेलार म्हणाले. "पाय पार तळाला टेकवला होता मी. साठच्या वर जाईल तर शपथ!"

बबन रुग्णवाहिकेचे चालक. नव्या गाडीची ती पहिलीच लांबची फेरी. गावातल्या फेऱ्यांत काही कळलं नव्हतं. साप चावलेल्या पोस्टमनला नेताना मोकळ्या महामार्गावर चाळीस मिनिटं जास्त लागली. माणूस वाटेतच गेला. बबन निलंबित झाले, आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल करायचा का, ते आज ठरणार होतं.

चौकशीला आलेले डॉ. मुजावर स्वतः इंजिनांतले जाणते. "ही तुमची सवयनळी, नाडकर्णीबाई. साध्या शब्दांत सांगा. अहवाल वाचणारे कारकून असतात."

"मी गॅरेजातच शिकलेय, साधंच येतं मला," उल्का म्हणाली. "इंजिन या नळीतून घोट घोट हवा पितं. झडप मिटली की नळीतली हवा तिच्यावर आपटते, दाबाची लाट उलटी जाते आणि तोंडापासून परत फिरते. ती परत यायला आणि झडप उघडायला गाठ पडली, की भरलेला घोट मिळतो. इंजिन संथ असेल तर लाटेला सवड असते, नळी लांब लागते. वेगात सवड नाही, तिथे आखूड."

"म्हणून नळीच लवचीक केलीत."

"पहिले शंभर तास. त्यात इंजिन ज्या वेगात जास्त राहील, त्या वेगाची लांबी ती धरते. मग कायमची घट्ट. घाटातल्या गाडीला लांब, महामार्गावरच्या गाडीला आखूड."

तिने नळी सोडवून मापली. टोकापर्यंत लांब झालेली. घाटातल्या गाडीलाही इतकी लांब नळी लागत नाही. ही तर उभ्या गाडीची नळी!

उल्काला हायसं वाटलं. बबन सुटले होते.

"लिहून घ्या, साहेब. चालकाचा दोष नाही. डेपोत कुणीतरी गाडी जागेवरच चालू ठेवून तास भरलेत."

"कुणीतरी नाही, ताई. मीच." बबन उठून उभे राहिले. "तुमचं पत्र होतं ना, शंभर तास पुरे होईपर्यंत पेशंट घ्यायचा नाही."

"अहो, ते काळजीपोटी! रिकामी गाडी रस्त्यावर पळवायची की!"

"पेशंट नसताना रुग्णवाहिका डेपोबाहेर काढता येत नाही, तो नियम आमचा. आणि तुम्ही तास लिहिलेत. किलोमीटर कुठे लिहिलेत?"

मुजावरांचं पेन थांबलं. उल्काला ते पत्र आठवलं. अवघ्या चार ओळी, चहा पिता पिता लिहिलेल्या.

"रोज सकाळी चालू करून शेजारी बसायचो," बबन सांगत होते. चौकशी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. "हायड्रोजनचं इंजिन, धूर नाही, कुणाला त्रास नाही. एक तास कमी पडू दिला नाही, ताई. डेपोतल्या बाराही नव्या गाड्यांना."

जबाबदार व्यक्तीच्या रकान्यातलं बबनचं नाव मुजावरांनी खोडलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. उल्काने स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग तिचा हात थबकला.

"बाराही? बाकीच्या अकरा कुठे आहेत आत्ता?"

"कुठे म्हणजे?" बबन म्हणाले. "पेशंट घेऊन गेल्यात."