अडकलेल्या कडा

तुम्ही माझा अर्ज वाचलाच नाहीत. ‘काळजीपूर्वक वाचला’ असं पत्रात छापलंत, ते धादांत खोटं आहे. पुरावा आहे माझ्याकडे. बाइंडिंगवाल्याने दिलाय.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज तुमच्या विद्यापीठाकडून साभार परत आला, तो घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. म्हटलं, “स्पायरल काढून द्या. पानं पाठकोरी वापरीन.”

बाइंडिंगवाला पानं चाळायला लागला आणि थांबला.

“दुसऱ्या पानापुढे कुणी गेलेलंच नाही. भोकं पाडली की कडा एकमेकींत अडकतात, पहिल्यांदा उलटताना सुटतात. या बघा... अजून अडकलेल्या.”

मग हलक्या हाताने एकेक पान सोडवलं, आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या सगळं वाचून काढलं!

“नाही वाचला ते बरंच झालं,” म्हणाला. “‘लहानपणापासून मला पाण्याची ओढ’... मासा आहात का?”

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“कुणी नाही. पण पुन्हा भरणार असाल तर — रोज काय करता ते लिहा की.”

तणतणत घरी आले. आई म्हणाली, “बरोबर बोलला मेला.”

मग लिहिलं. शाळेच्या टाकीतलं पाणी तीनदा दूषित निघालं. अहवाल साहेबांनी दाबला. माझी पदवी अपुरी, म्हणून माझ्या सहीला किंमत नाही. ती किंमत मला हवी आहे.

पाच मसुदे झाले. तो पेन्सिलीने खुणा करायचा... आणि मी खुणा सोडून त्याच्या डिंक लागलेल्या बोटांकडे बघत बसायचे.

काल शेवटचा मसुदा बांधायला दिला. स्पायरल ओवता ओवता, वर न बघता तो म्हणाला, “प्रवेश मिळाला तर दोन वर्षं जाल.”

“जाईन.”

“मी थांबलो तर... चालेल?”

“चालेल. तू शेवटच्या पानापर्यंत वाचतोस.”

“‘तू’?”

“सवय कर.”

कान लाल झाले त्याचे. स्पायरलचं एक भोक चुकलं, पुन्हा ओवावं लागलं.

केवढा प्रश्न होता! उत्तराला अर्धं मिनिट लागलं, तेही कारणासकट. तुम्हाला सात महिने लागतात, आणि कारण एका ओळीचंही नसतं.

नवा अर्ज सोबत जोडलाय. नाही म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण या खेपेला कडा सोडवा, शेवटचं पान उलटा आणि का ते लिहा.

बोला, कधी देताय उत्तर?